मन आवरण्याची शेजारची रीत

माउली, हरिपाठ म्हणताना आपले मन कुठे असते, हे एकदा खरेपणाने पाहा. ओठ अभंगावर, बोटे मण्यांवर आणि मन अकोल्याच्या बाजार समितीत तुरीच्या भावापाशी. नाहीतर चार दिवसांपूर्वी धुऱ्यावरून भाऊबंद जे बोलला, त्या शब्दापाशी. अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार केली आहे, की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही. भगवंतांनी ती तक्रार खोटी ठरवली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. वैराग्यावर आपल्याकडे कीर्तने पुष्कळ होतात. पण मन पळाले त्या क्षणी नेमके काय करायचे, तो अभ्यास कसा करायचा, हे क्वचितच कोणी उलगडून सांगतो.

ते बारकाईने सांगणारी परंपरा वऱ्हाडात आपल्या शेजारीच नांदते. अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी गावांत विठ्ठलाचे मंदिर आणि बुद्धविहार दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून तिथे पंचशील म्हटले जाते. आपण मात्र बाहेरूनच नमस्कार करून पुढे जातो. (विठ्ठल हाच बुद्ध का, हा वाद इथे नको. त्या वादात कोणी कोणाचे ऐकत नाही.)

बुद्धांच्या शिकवणीत जागेपणाला पालीत ‘सति’ असा शब्द आहे. तो संस्कृत ‘स्मृति’चेच रूप, आणि आपल्या नामस्मरणातल्या ‘स्मरणा’चा धातूही तोच. म्हणजे दोन्हीकडे साधन एकच, आठवण ठेवणे. आपण नाम आठवतो. ते या क्षणी मनात आणि शरीरात काय चालले आहे, ते आठवतात. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहायचे. मन पळाले तर त्याच्यावर चिडायचे नाही. पळाले हे ओळखायचे आणि परत आणायचे, शंभरदा पळाले तर शंभरदा. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात यासाठी वासराचा दृष्टांत आहे. उनाड वासरू खांबाला बांधले की ते इकडेतिकडे ओढ घेते, सुटत नाही, आणि अखेर थकून त्या खांबापाशीच बसते. ज्याच्या गोठ्यात गोऱ्हा आहे त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. वासराला दोरीने बांधतात, काठीने झोडपत नाहीत. आपण मात्र मन भटकले की स्वतःला पापी ठरवतो आणि जपच सोडून उठतो.

अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळ ‘धम्म अनाकुल’ नावाचे विपश्यना केंद्र आहे. अनाकुल म्हणजे न गोंधळलेले. हा शब्द मंगलसुत्तात येतो. तिथे दहा दिवसांचे शिबिर असते. पहाटे चारला उठणे, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना. शिबिराला पैसे घेत नाहीत. पण एक नियम वारकऱ्याला अडतो. त्या दहा दिवसांत जप, मंत्र, पूजा, उपवास बाजूला ठेवायला सांगतात, जपमाळही नेऊ नये म्हणतात. मग ज्याने पंढरीनाथासमोर माळ घातली, रोजच्या हरिपाठाचा नेम घेतला, त्याने काय करावे?

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याचा नेम आहे त्याने तो मोडून जाऊ नये. आणि गेलाच तर तिथे बसून चोरून नाम घेऊ नये. ज्यांच्याकडे शिकायला गेलो त्यांना फसवून मन कसे शुद्ध होणार? भेद लपवण्यातही अर्थ नाही. बौद्ध साधक स्वतःच्या प्रयत्नाने मन जिंकू पाहतो. आपण शेवटी मन पांडुरंगाच्या पायावर ठेवून मोकळे होतो. मात्र पायावर ठेवायचे तर ते आधी हातात यायला हवे, आणि तिथवर शेजाऱ्याची रीत घरीच उपयोगी पडते.

धुऱ्याचा तो शब्द आठवला की छाती आवळते, कान तापतात. उत्तर देण्याआधी ही छाती, हे कान नुसते पाहा. ताप चढतो, थोडा राहतो, उतरतो. एवढ्या वेळात काठी उचलायची राहून जाते. दारूचेही तसेच. पंचशीलातले पाचवे शील आणि आपल्या माळेचा नियम दोन्ही तिला वर्ज्य म्हणतात, पण तलफ येते तेव्हा नियम पुस्तकात असतो आणि माणूस रस्त्यावर एकटा असतो. कर्ज मात्र श्वास मोजून फिटत नाही. त्या काळजीने कोणी काळवंडला असेल तर त्याला ध्यान शिकवू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा, चार लोक जमवा.

शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात गुरे राखलेले आपले गाडगेबाबा आठवा. वडील दारूने गेले, म्हणून त्यांनी लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रूढी मोडून गोड जेवण घातले. १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली, तरी कीर्तन थांबले नाही. त्यांना दुःख झाले नसेल असे मला वाटत नाही. गावोगाव खराटा चालवताना मन रोज थोडे थोडे हातात आले असावे, म्हणून त्या रात्री ते सुटले नाही.

आषाढी एकादशीला आपला चातुर्मास सुरू होतो आणि लगेच आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास. तिथे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात, आपल्याकडे ज्ञानेश्वरीचे पारायण होते. यंदा चातुर्मासात कांदा-वांगे सोडालच, त्यासोबत एक करून पाहा. हरिपाठाआधी पाच मिनिटे नुसते बसा. मग एकेका अभंगात मन किती वेळा सुटले ते ओळखा, आणि सुटले तिथूनच पुढची ओळ धरा. मागे जाऊन पुन्हा म्हणू नका.