खेळात मरतो तो कोण?

मोबाइलच्या पडद्यावर खेळता खेळता आपण एखादा माणूस मारला, तर मारणाऱ्याच्या माथी काही येते का? प्रश्न पोरकट वाटेल. पण तुळजापुरात आम्ही ज्या मुलांना उर्दू शिकवतो, त्यांच्यात आठवी-नववीतला असा मुलगा शोधून काढावा लागेल ज्याने पडद्यावर शे-पाचशे माणसे मारलेली नाहीत. आम्हीही मारली आहेत. इशाच्या नमाजनंतर घरातले निजले की सोलापूरहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तासभर खेळायचे, ही आमची बी.एड.च्या दिवसांपासूनची सवय. पस्तिशीतल्या मास्तराला हे शोभते का, असे घरात अधूनमधून विचारले जाते. त्या प्रश्नाला आम्ही इथे हात घालत नाही.

या विषयावर दोनच उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा सगळा लह्व-लइब, वेळेची नासाडी, बंद करा. पोरे म्हणतात, गेमच तर आहे, कोण खरेच मरतो? दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी खेळाकडे नीट पाहिलेले नसते. पहिल्यांनी तो खेळलेला नसतो आणि दुसरे खेळण्यात इतके बुडालेले असतात की पाहायला सवड नसते. (पैसे लावून खेळायच्या खेळांविषयी आम्ही बोलत नाही. तो जुगार आहे, आणि त्याविरुद्ध संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदाही केला आहे. त्यात विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही.)

प्रेमचंदांच्या 1924 च्या कथेतले शतरंजचे दोन खेळाडू उर्दू शिकवणाऱ्याला विसरता येत नाहीत. 1856 साली वाजिद अली शाह कैद होऊन लखनौबाहेर नेले जातात, तेव्हाही मिर्झा आणि मीर पटावरून उठत नाहीत, आणि पुढे त्याच पटावरच्या भांडणात एकमेकांना तलवारीने संपवतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात दोघांना जिवंत ठेवले. आम्हाला वाटते, प्रेमचंदांचा शेवट जास्त नाट्यमय असला तरी रायांचा जास्त खरा आहे. पटाने त्या दोघांना खुनी केले असे नाही. पटाने त्यांची नजर एका चौकोनात बांधून टाकली, आणि चौकोनाबाहेर जे चालले होते ते त्यांना दिसेनासे झाले. नजरेचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आमच्या मुलांचा खेळ म्हणजे बीजीएमआय. त्याआधी पबजी होता. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली, 2021 च्या जुलैत तोच खेळ नाव बदलून बीजीएमआय म्हणून आला, 2022 च्या जुलैत तोही बंद झाला आणि 2023 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. नाव बदलताना कंपनीने मोठ्या काळजीपूर्वक दोन गोष्टी केल्या. रक्ताचा रंग हिरवा केला, आणि माणूस मारला की 'किल' न म्हणता 'फिनिश' म्हणायचे ठरवले. बंदुका त्याच, नेमबाजी तीच, शंभरजण एका बेटावर उतरायचे आणि शेवटी एकाने उरायचे हेही तेच. रंगाने आणि शब्दाने काही फरक पडतो असे ज्यांना वाटले, त्यांच्या भाबडेपणाचे कौतुक वाटते. शाळेत मार देणे बंद झाले तेव्हा छडीला पट्टी म्हणणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत.

पण खेळ म्हणून विचाराल तर बीजीएमआय वाईट नाही. चार मित्र मिळून खेळतात, एकमेकांना सावध करतात, पडलेल्याला उचलायला धावतात. आम्हाला त्यातली एक वेगळीच गोष्ट बोचते. नवख्यांच्या खेळात शंभरातले बरेचजण माणसे नसतातच, कॉम्प्युटरने चालवलेली बाहुली असतात. मुले त्यांना 'बॉट' म्हणतात. एका मुलाला आम्ही विचारले, आज किती मारलेस? तो तोंड वाकडे करून म्हणाला, "सर, सब बॉट थे, आदमी एक भी नहीं था." म्हणजे आनंद हवा तर समोर खरा माणूस हवा. या तक्रारीत क्रूरपणा किती आणि माणसाची ओढ किती, यावर आम्ही बराच विचार केला. शेवटी ओढीच्या बाजूने झुकलो, कारण तिथे मरणारा खरा माणूस पुढच्याच मिनिटाला नव्या डावात उभा असतो आणि त्यालाही हे ठाऊक असते. कबड्डीतही गडी मरतो आणि जिवंत होतो. दोघांनी मिळून मान्य केलेल्या मरणात गुनाह शोधायला आम्ही जाणार नाही.

खरी अडचण सुरू होते ती समोरच्याला काहीच मान्य करता येत नाही तिथे. म्हणजे कथेच्या खेळात, जिथे शत्रू कोण हे खेळ बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी ही कसरती करणारी पोर. आमच्या यात्रेत दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी येते, तिची मोठी बहीण शोभेल अशी. राक्षस तिचा भाऊ गोलू याला पळवून नेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. राजस्थानी वाडे, पहाडी शैलीची चित्रे, आणि गोष्ट पुढे नेण्यासाठी छायाबाहुल्यांचा खेळ, हे सारे इतके देखणे की आम्ही कित्येकदा लढायचे सोडून भिंतींकडे पाहत उभे राहिलो. दोषही आहेत. लढाया लवकरच त्याच त्या वाटू लागतात, कॅमेरा आपल्या मर्जीने वळत नाही, आणि गोष्ट रंगात येते न येते तोच खेळ संपतो. तरीही आपल्या मातीतला खेळ म्हणून त्याला वरचे स्थान द्यावे लागेल.

तुळजापुरात राहून हा खेळ खेळताना वेगळेच वाटते. इथे देवी अष्टभुजा महिषासुरमर्दिनीच्या रूपात आहे. महाद्वाराकडच्या रस्त्यावर संबळ ऐकत आम्ही वाढलो, आणि नवरात्रात, कोजागरीला चालत येणाऱ्यांना पाणी देण्यात आणि वाट दाखवण्यात आमच्या मोहल्ल्यातलेही हात असतात. आम्ही हा खेळ खेळतो हे कळल्यावर एका स्नेह्यांनी गंभीरपणे विचारले, मास्तर, हातात त्रिशूळ घेऊन खेळायचे, यात शिर्क होत नाही का? आम्ही म्हणालो, भाईजान, अमल नियतीवर ठरतो. इथल्या गर्दीत आयुष्य काढून आपली अकीदा जागची हलली नाही, ती एका त्रिशूळाच्या चित्राने कशी हलेल? त्यांना ते पटले.

घरी आल्यावर मात्र आमचे आम्हालाच ते पुरेसे वाटेना. कारण दुसरीकडे आम्हीच तक्रार करत असतो की परदेशी खेळांनी मुसलमानांना बदनाम केले. चित्राने माणूस हलत नसेल, तर या तक्रारीला अर्थ काय? आणि अर्थ असेल, तर स्नेह्यांना दिलेले उत्तर खोटे.

2009 साली आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर 2' या खेळात लढायला कराचीचा एक मोहल्ला आहे. दुकानांवर पाट्या आहेत, आणि त्या अरबी भाषेतल्या. कराचीत उर्दू लिहितात हे कोट्यवधी रुपये खर्चणाऱ्या कंपनीत कोणी पाहिले नाही. अरबीत 'पे' नाही, 'गाफ' नाही, 'टे' नाही. 'चे'सुद्धा नाही, म्हणजे कराची हे नावच त्या अक्षरांत धड लिहिता येत नाही. आमच्या पाचवीतल्या मुलाने ही चूक पकडली असती. पण ती पाहायची कोणी? खेळणारा पाटी वाचत नाही, पाटीआडून कोणी डोके काढते का ते पाहतो.

आता दुसरी घटना. 2021 च्या नोव्हेंबरात याच मालिकेतला 'व्हॅनगार्ड' आला. त्यात एके ठिकाणी कुराणाची पाने जमिनीवर विखुरलेली दिसली. जगभरातून हरकत घेतली गेली, आणि कंपनीने लगेच माफी मागून ती पाने काढून टाकली. योग्यच झाले. पण दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. श्रद्धेच्या दारावर आपण सगळे पहारा देत उभे असतो. त्रिशूळ दिसला की स्नेही विचारतात, पान दिसले की जग विचारते. नजरेच्या दारावर कोणीच नसते. चुकीच्या पाटीखाली पळणारा, नाव नसलेला, कुठल्याशा भाषेत ओरडणारा माणूस शंभर वेळा गोळीसमोर येतो आणि शंभर वेळा पडतो, तेव्हा खेळणाऱ्याची अकीदा तसूभर हलत नाही. फक्त त्याला त्या चेहऱ्यात माणूस दिसायचा थांबतो. म्हणून स्नेह्यांना दिलेले उत्तर आम्ही मागे घेत नाही, आणि तक्रारही सोडत नाही.

राक्षसांच्या खेळाबद्दल आमची हरकत नाही ती यामुळेच. राक्षसाला आई नसते, दुकान नसते, उधारी नसते. तो कोणासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याला मारून खेळणारा रस्त्यावर कोणाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागत नाही. माणसाला राक्षसाच्या जागी उभे केले की गोष्ट बदलते. आणि हे करणारे फक्त अमेरिकेत आहेत असे समजू नये. आमची मुलेही कधी कधी एखाद्या खेळातल्या गोऱ्या सैनिकांना ज्या चवीने मारतात, ती आम्हाला रुचत नाही.

'असॅसिन्स क्रीड : मिराज' हा 2023 चा खेळ आमच्या कॉम्प्युटरवर चालण्यातला नाही. तो दिवाळीच्या सुटीत भाच्याच्या घरी खेळलो. नवव्या शतकातले बगदाद, बाजार, कागदवाले, बैतुल हिकमत, आणि बासिम नावाचा एक उचल्या. अरबी बोलीत खेळायचीही सोय आहे. खेळ म्हणून आठ-दहा तासांनी कंटाळा येतो, कारण छपरावरून उडी मारायची, पहारेकरी संपवायचा आणि पळायचे, एवढेच पुन्हा पुन्हा. पण एक गोष्ट त्यात सहज साधली आहे. जिथे भाकरी विकणारा, किताब लिहिणारा, चोर, कोतवाल, हाकीम सगळेच त्या एका शहरातले आहेत, तिथे मुसलमान असणे ही शत्रूची खूण उरत नाही. भाषण न देता हे झाले आहे. ज्या पहारेकऱ्यांना बासिम सुरा मारतो त्यांना मात्र तिथेही नाव नाही.

नाव असलेला माणूस आमच्या हातून एकदाच गेला, आणि तो गोळीने गेला नाही. पोलंडच्या वॉर्सा शहरातल्या कंपनीचा 'धिस वॉर ऑफ माईन' हा 2014 चा खेळ, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात लपलेली चार साधी माणसे सांभाळायची, दिवसा चूल आणि खिडक्या नीट करायच्या, रात्री एकाने बाहेर जाऊन अन्न, औषध, लाकूड जे मिळेल ते आणायचे. पोलंड सरकारने 2020 साली तो शाळेतल्या मुलांच्या वाचनयादीत घातला. एका रात्री वाट एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात जाते. औषध तिथे आहे. म्हातारा अडवू शकत नाही, नुसता विनवत मागे फिरतो. आम्ही त्याच्या कपाटाला हात न लावता परत आलो. आमच्या घरात ब्रूनो आजारी होता. टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारा, सिगारेटसाठी कासावीस होणारा. तो काही दिवसांनी गेला.

उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत नेक माणसांच्या गोष्टी असतात आणि आम्ही त्या मन लावून शिकवतो. त्या गोष्टींत नेकीची किंमत नेक माणूस स्वतः भरतो. भाकरी देतो आणि स्वतः उपाशी निजतो. इथे नेकी आमची होती आणि किंमत ब्रूनोने भरली, त्याला न विचारता. चोरी केली नाही याचे समाधान आमच्याकडे, अंथरूण त्याच्याकडे. मग ती नेकी कोणाच्या खात्यावर लिहायची? कुठल्याही पुस्तकाने हा प्रश्न आमच्यापुढे असा टाकला नव्हता, कारण पुस्तकात निर्णय दुसऱ्याचा असतो आणि आपण पान उलटतो. इथे बोट आपलेच असते. खेळांना सरसकट नासाडी म्हणणाऱ्यांशी आमचे मतभेद या ठिकाणी आहेत.

नाब्लूसच्या रशीद अबू ईदा यांनी 2016 साली 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा लहानसा खेळ केला. 2014 च्या गाझातला एक बाप बायको आणि लैला नावाच्या मुलीकडे पोहोचायला धावतो. अ‍ॅपलने सुरुवातीला तो खेळ म्हणून घ्यायला नकार दिला आणि बातम्या किंवा संदर्भाच्या वर्गात टाका असे सांगितले. आरडाओरडा झाल्यावर निर्णय फिरवला. ज्या दुकानात माणसे मारायचे हजारो खेळ खेळ म्हणून विकले जातात, तिथे मुलीला वाचवायची धडपड खेळात बसेना. याचा राग येतो, पण त्या नकारात थोडे तथ्यही आहे. खेळ म्हणजे जिंकता येते ते, आणि यात जिंकता येत नाही. समुद्रकाठी चेंडू खेळणारी चार मुले दिसतात, त्यांना हाक मारायची की नाही हे खेळ आपल्याला विचारतो, आणि आपण काहीही म्हटले तरी शेवट तोच राहतो.

आम्ही तो नववीच्या मुलांना एका सुटीत खेळायला दिला. अर्ध्या तासाचाही नाही. बहुतेकांनी एकदा खेळून मोबाइल पुढे सरकवला. दोघे-तिघे म्हणाले, बोअर आहे सर, बंदूकच नाही. जो मुलगा 'सब बॉट थे' म्हणून कुरकुरत होता तो शेवटच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा सुरू करत होता. काय करतोस म्हणून विचारले, तर मान वर न करता म्हणाला, "सर, वो चार बच्चों को पहले बुलाके देखता हूँ."