देखरेख आणि पाळत

दिवाळीच्या पहाटे बंबातले पाणी तापू लागले की मला तांबट आळी आठवते. आमचे घर कसबा पेठेतले. लहानपणी शाळेला जाताना त्या आळीतून जावे लागे आणि हातोडीच्या ठोक्यांनी कान बधिर होत. आम्हां मुलांना तो नुसता गोंगाट वाटे. पण उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराला त्यात पुष्कळ काही ऐकू येई. आत काम करणाऱ्या पोराकडे पाठ करून तो गिऱ्हाइकाशी बोलत असे आणि मान न वळवता मध्येच म्हणे, "अरे, हलक्या हातानं!" ठोका चुकला हे त्याला नादावरून कळे. पोराने हातोडी ठेवून चार घटका गप्पा मारल्या, तर मात्र तो काही बोलत नसे. भांड्यावरची मठार एकसारखी उतरली पाहिजे, एवढेच त्याचे मागणे.

आता आमच्याच माडीवरची गोष्ट ऐका. माझा पुतण्या हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत आहे. २०२०च्या टाळेबंदीपासून आठवड्यातले काही दिवस तो घरी बसूनच काम करतो. परवा जेवायला हाक मारली, तर वरून म्हणाला, "काका, दोन मिनिटं! हिरवा दिवा जाईल!" चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचा हात थांबला म्हणजे संगणक तशी नोंद करतो आणि मधूनमधून पडद्याचे चित्र टिपून वरिष्ठांकडे धाडतो. हा कागद-पेन्सिल घेऊन विचार करीत बसला, तर यंत्राच्या लेखी तो झोपलेला! म्हणून विचार करताना एका हाताने तो उगीचच माउस हलवीत असतो. मला आधी हसू आले आणि मग हसू नये असे वाटले. २०२४ साली वेल्स फार्गो या बड्या अमेरिकन बँकेने डझनाहून अधिक नोकर काढून टाकले, ते कळफलक चालू असल्याचा खोटा देखावा केला म्हणून. सोंग वाईटच, पण सोंगाची गरज कोणी उत्पन्न केली, हेही विचारले पाहिजे.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. शेतावर, बांधकामावर, मुलांच्या अभ्यासावर आपण देखरेख ठेवतो. चोरावर ठेवतो ती पाळत. देखरेखीत काम नीट व्हावे अशी इच्छा असते. पाळतीत माणूस सापडावा अशी. म्हातारा तांबट देखरेख करीत होता. माडीवरचे यंत्र काय करते, ते वाचकांनीच ठरवावे.

मालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. पगार द्यावयाचा तर काम पाहावयाचे, यात गैर काय? मी स्वतः एका कचेरीत हेडक्लार्क होतो. हाताखालचे एक कारकून जागेवर सापडत नसत. मी गुपचूप एका वहीत टिपू लागलो: अकरा-दहाला उठले, अकरा-पस्तीसला आले. महिनाअखेर ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, "बरं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची सोडली नाही. मी मनात विजय साजरा केला. पंधरवड्यात कामे तुंबू लागली, तेव्हा उलगडा झाला. हे गृहस्थ उठत ते दुसऱ्यांच्या टेबलांवर अडलेले कागद सोडवायला, नव्या पोरांची चुकलेली बेरीज दाखवायला. मध्ये चहाही पीत, हे खरे. माझ्या वहीत मिनिटे होती, कागद नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या शिस्तीची तारीफ केली. ते हसले. ते हसणे अजून टोचते.

माझ्या वहीला निदान लाज होती. ती खणात राहत असे आणि सहाला बंद होई. आता नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर, ते कोठे आहेत हे सांगणारी घड्याळे बांधली. चंडीगडलाही तेच झाले आणि तेथल्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. रस्ता झाडला की नाही हे रस्ता पाहून कळते. मग मनगट कशाला पाहावे? आणि मनगटावर घड्याळ बांधण्याचा मान प्रथम झाडूवाल्यालाच का मिळावा, साहेबाला का नाही?

कायदा याबाबत काय म्हणतो? २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३च्या माहिती-संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा ठेवली. युरोपात बार्बुलेस्कू नावाच्या रुमानियन नोकराने, कंपनीने भावाशी व वाग्दत्त वधूशी झालेला आपला पत्रव्यवहार वाचला म्हणून दाद मागितली. २०१७च्या सप्टेंबरात तेथल्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पाहणार असाल तर आधी सांगा, किती पाहणार ते सांगा, आणि कमी पाहून भागते का याचा विचार करा, असा त्या निकालाचा मथितार्थ. साधी माणुसकीच ही, पण ती सांगायला न्यायालय लागले.

माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. प्रामाणिकपणाला थोडी मोकळी जागा लागते. कोणी पाहत नसता चोख काम करण्याची संधीच माणसाला उरली नाही, तर तो प्रामाणिक आहे की नुसता धाकात आहे, हे मालकाला कळणार नाही. आणि काही वर्षांनी त्याचे त्यालाही कळेनासे होईल. ज्याच्यावर विश्वास टाकला तो कधी फसवीलही. तेवढी तूट सोसावी. तिच्या बदल्यात मिळणारी माणसे त्याहून मोलाची असतात.

आमचा बंब आजोबांच्या वेळचा. त्यावरचा एकेक ठोका अजून बोटाला लागतो. कारागिराने ते किती मिनिटांत मारले आणि मध्ये किती वेळा तंबाखू मळली, याची नोंद कोठेही नाही. पाणी मात्र दर दिवाळीला कढत निघते. यंदा नरकचतुर्दशीला पुतण्याला पहिली आंघोळ घालणार आहे. त्या दिवशी तरी हिरवा दिवा विझलेला असो, आणि अंगणातल्या पणत्या लागलेल्या असोत.