सात वर्षं म्हणजे सात वर्षं

कलावंताच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याला सेन्सॉरची कात्री आठवते, सरकारी बंदी आठवते. पण रोजच्या व्यवहारात कलावंताचे हात बांधते ती बहुतेक वेळा त्याने स्वतःच सही केलेली करारपत्राची प्रत. या बंधनाशी न्यायालयात झुंजून जिंकलेली अभिनेत्री म्हणून ऑलिव्हिया द हॅविलँड हे नाव मला तिच्या दोन ऑस्करांपेक्षा अधिक मोलाचं वाटतं.

१९१६ साली टोकियोत इंग्रज आईवडिलांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी कॅलिफोर्नियात वाढली. माक्स राइनहार्टच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातून ती पुढे आली आणि वॉर्नर ब्रदर्सने तिला करारात घेतलं. ‘कॅप्टन ब्लड’, ‘रॉबिन हूड’ अशा चित्रपटांत एरॉल फ्लिनची नायिका म्हणून ती लोकप्रिय झाली. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मेलनीने तिची खरी ताकद दाखवली, पण ती भूमिकाही दुसऱ्या निर्मात्याकडची होती. स्वतःच्या स्टुडिओत मात्र पुन्हा त्याच गोड, सोशिक नायिका.

नको असलेली भूमिका नाकारली, तर नटाला बिनपगारी निलंबित करायचं, आणि निलंबनाचे ते दिवस कराराच्या शेवटी जोडायचे, अशी स्टुडिओंची पद्धत होती. म्हणजे नकार देण्याची मुभा कागदावर होती, पण प्रत्येक नकाराने सुटकेची तारीख पुढे सरकत होती. १९४३ मध्ये ऑलिव्हियाच्या कराराची सात वर्षं भरली, तेव्हा स्टुडिओने निलंबनाचे सुमारे सहा महिने अजून बाकी असल्याचं सांगितलं. ती न्यायालयात गेली. हे सोपं नव्हतं. याच स्टुडिओशी १९३६ मध्ये लंडनच्या न्यायालयात लढलेली बेटी डेव्हिससारखी बडी अभिनेत्री हरली होती.

मार्टिन गँग या तिच्या वकिलाने आधार घेतला तो कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार कायद्याचा. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे कोणावरही लादता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. स्टुडिओचं म्हणणं होतं, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. शिवाय निलंबनाच्या अटी तिने मान्य केल्याच होत्या. डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला : सात वर्षं म्हणजे दिनदर्शिकेतली सात वर्षं. आणि कामगाराच्या संरक्षणासाठी केलेला हा कायदा सार्वजनिक हिताचा असल्याने, सही करून तो हक्क सोडून देता येत नाही.

या निकालाचा गाभा मला या दुसऱ्या वाक्यात दिसतो. ‘तूच सही केली होतीस’ हे बलवानाचं नेहमीचं उत्तर असतं. सही करणाऱ्यापुढे त्या वेळी दुसरी वाट होती का, हा प्रश्न त्या उत्तरात बुडून जातो. कायद्याने तो प्रश्न वर काढला. स्टुडिओने नवख्या मुलीवर पैसा लावला, तिला तारका केलं, हेही खरं. त्याचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा. पण मोबदल्याची मुदत ठरलेली असावी. माणसाचं आयुष्य बेमुदत तारण राहू शकत नाही.

किंमत तिने मोजलीच. स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर याने तिला काम देऊ नका असं इतर स्टुडिओंना कळवलं आणि जवळजवळ दोन वर्षं ती पडद्यापासून दूर राहिली. त्या काळात ती जखमी सैनिकांना इस्पितळांत भेटत राहिली. मग ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) आणि ‘द एअरेस’ (१९४९) यांसाठी ऑस्कर, दोहोंच्या मध्ये ‘द स्नेक पिट’मधली मनोरुग्ण स्त्री. सोशिक नायिकेच्या साच्यात कोंडलेली अभिनेत्री सुटल्यावर काय करू शकते, याचा हा पुरावाच.

अशी लढत आपल्याकडेही झाली आहे. १९३९ साली अभिनेत्री शांता आपटे यांनी कराराच्या वादात पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केलं, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याचं अंतरंग उघड केलं. त्यांच्या हाती उपोषण आणि लेखणी होती; ऑलिव्हियाच्या हाती कायदा होता. हट्टी नटी म्हणून अशा स्त्रियांची बोळवण करणं सोपं असतं. खरं तर त्या मजुरीचा मूलभूत प्रश्न विचारत होत्या : माझा वेळ कोणाचा?

ऑलिव्हिया २०२० मध्ये पॅरिसमध्ये १०४ व्या वर्षी वारली. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम कॅलिफोर्नियात आजही लागू आहे. मालिका, चित्रपट, संगीत या क्षेत्रांत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझं सांगणं एवढंच : करारातला मानधनाचा आकडा जरूर पाहा, पण त्याआधी सुटकेची तारीख शोधा. ती नसेल, तर सही करू नका.