मैदान सर्वांचे, नाव कोणाचे?

नव्या गोल्फ मैदानाचे बारसे करायची वेळ आली की अमेरिकेत बहुधा ठरलेलीच नावे पुढे येतात. एखादी टेकडी, एखादा ओढा, ओकचे झाड, हरिण, नाहीतर स्कॉटलंडची आठवण करून देणारा शब्द. खासगी क्लबाने असे नाव घेतले तर कोणाची हरकत असायचे कारण नाही. पैसा सभासदांचा, मर्जीही त्यांची. शहराने किंवा काउंटीने लोकांच्या पैशातून मैदान उभारले की मात्र गोष्ट वेगळी होते. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन सहज लागते, आणि शहराच्या हद्दीत एवढी जमीन कधीच निव्वळ पडीक नसते. तिच्यावर कोणीतरी राबलेले असते, कोणाला तरी तिथून हाकललेले असते. अशा मैदानाचे नाव ठरवताना त्या माणसांचा विचार सर्वांत आधी झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या एका सार्वजनिक मैदानाचे नाव पूर्वी ‘बॉनी ब्रे’ असे होते. कानाला गोड, पण तिथे कृष्णवर्णीयांना खेळता येत नसे. 1951 साली काही कृष्णवर्णीय गोल्फपटू याविरुद्ध कोर्टात गेले आणि पुढे काही वर्षांनी मैदान सर्वांना खुले झाले. याच शहरात चार्ली सिफर्ड जन्मला आणि लहानपणी कॅडी म्हणून गोऱ्यांच्या बॅगा वाहत गोल्फ शिकला. व्यावसायिक गोल्फच्या पीजीए संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्यांना देणारे कलम होते. ते 1961 मध्ये गेले, तेव्हा सिफर्ड चाळिशीला टेकला होता. 2011 मध्ये शार्लटने त्या मैदानाला त्याचे नाव दिले.

अटलांटाची कहाणी याहून बोलकी आहे. तिथले एक सार्वजनिक मैदान बॉबी जोन्सच्या नावाचे. 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा हा अटलांटाचाच सुपुत्र. त्याच्या खेळाबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. 1951 च्या उन्हाळ्यात आल्फ्रेड ‘टप’ होम्स, त्याचे डॉक्टर वडील आणि भाऊ या मैदानावर खेळायला गेले. त्यांना परत पाठवण्यात आले. होम्स कुटुंबाने शहरावर खटला भरला. खालच्या कोर्टांनी ‘वेगळे पण समान’ या जुन्या सूत्राचा आधार घेतला, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी सोय केली की भागले. 7 नोव्हेंबर 1955 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि त्याच वर्षअखेरीस अटलांटाच्या सार्वजनिक मैदानांवर कृष्णवर्णीय खेळू लागले. टपचा मुलगा हॅमिल्टन याने 1961 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचे दार असेच उघडायला लावले. पुढे अटलांटाने आपल्या ॲडम्स पार्क मैदानाला टप होम्सचे नाव दिले. एकाच शहरात आता खेळ गाजवणाऱ्याचे नाव आहे आणि खेळाचे दार उघडणाऱ्याचेही. माझ्या लेखी दुसऱ्याचा मान अधिक मोठा आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. महाडचे चवदार तळे 1924 मध्ये नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले होते, तरी 1927 मध्ये बाबासाहेबांना तिथे सत्याग्रह करावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये आला. कागदावर सर्वांची असलेली जागा प्रत्यक्षात सर्वांची करून घ्यावी लागते, आणि ते करणाऱ्यांची आठवण जागेनेच ठेवायची असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे: माणसाचे नाव आले की पक्ष आले, भांडणे आली, त्यापेक्षा जागेचेच नाव ठेवावे, कोणी दुखावणार नाही. वॉशिंग्टन राज्यातील पिअर्स काउंटीने नेमके हेच केले. वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर तिने 2007 मध्ये ‘चेंबर्स बे’ हे सार्वजनिक मैदान सुरू केले. खाणीचे प्रचंड काँक्रीटचे अवशेष तिथे मुद्दाम राखले आहेत, आणि 2015 ची यूएस ओपन तिथेच झाली. नाव वरकरणी जागेचे, पण शेजारच्या ओढ्याला ते लाभले टॉमस चेंबर्स या गोऱ्या वसाहतकाराकडून. त्या ओढ्याच्या मुखाशी त्याच्याही आधीपासून स्टेलाकूम लोकांची वस्ती होती. या जमातीला केंद्र सरकारने 2008 मध्ये अधिकृत मान्यता नाकारली. म्हणजे जागेचे नाव घेतले तरी एका बाजूची निवड होतेच, फक्त ती कोणी बोलून दाखवत नाही. खाणीची आठवण एवढ्या आस्थेने जपणाऱ्या काउंटीने नावाचाही तितकाच विचार करायला हवा होता.

आपल्याकडे सार्वजनिक गोल्फ मैदाने मोजकीच आहेत. सिडकोच्या मैदानाच्या नावात निदान खारघर हे गावाचे नाव टिकले, हे चांगले झाले. यापुढे कोणत्याही महापालिकेने किंवा प्राधिकरणाने असे मैदान बांधले तर नाव जाहिरात कंपनीकडून मागवू नये आणि प्रायोजकाला विकू तर मुळीच नये. जमीन कोणाची होती, ती कशी घेतली गेली आणि तिथे कोणाला मज्जाव होता, हे आधी लिहून काढावे, लोकांसमोर ठेवावे, हरकती मागवाव्यात आणि मगच नावाचा ठराव सभेपुढे आणावा.