कसोटीवर प्रवेश

१६ जून १९६३ रोजीं व्हालेंतीना तेरेश्कोवा ही रशियन स्त्री अंतराळांत गेली आणि पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घालून सुखरूप परतली. स्त्रियांच्या वाटेंतील अडसर निघाला, असें तेव्हां पुष्कळांस वाटलें. परंतु दुसरी स्त्री अंतराळांत जाण्यास १९८२ साल उजाडावें लागलें! एकीस आंत घेतलें म्हणजे दार उघडलें, असें म्हणतां येईल काय?

अमेरिकेंत तर १३ स्त्रिया पुरुष अंतराळवीरांच्याच वैद्यकीय तपासण्यांत उत्तीर्ण झाल्या होत्या. पण उमेदवारास जेट विमानांच्या चाचणीचा अनुभव हवा, असा तेथील दंडक. आणि हा अनुभव ज्या लष्करांत मिळावयाचा, तेथें स्त्रियांस वैमानिक होण्याची बंदी. अशा दंडकास 'स्त्री नको' हे शब्द उच्चारण्याचीहि गरज पडत नाहीं.

आमच्याकडील उदाहरण याच्या ३० वर्षें आधींचें आहे. कमला भागवत (पुढें सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी) १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें त्यांनीं अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं तो नाकारला, कां, तर अर्जदार स्त्री! कमलाबाई समक्ष जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हां एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. काम पसंत पडलें तरच तो कायम व्हावयाचा होता. स्वतः रामन हे मूळचे सरकारी हिशेबखात्यांतील अधिकारी. त्या नोकरींत कांहीं काळ ते आमच्या नागपुरांतहि होते. कलकत्त्याच्या विज्ञानमंडळानें त्यांस फावल्या वेळीं प्रयोगशाळा खुली करून दिली, तेव्हां एक वर्षाची कसोटी लावल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

कोणी म्हणेल, बिघडलें काय? कमलाबाई कसोटीस उतरल्या, त्यानंतर रामन यांनीं इतर मुलींसहि प्रवेश दिला आणि १९३९ सालीं कमलाबाईंनीं केंब्रिजची पीएच. डी. मिळविली. हें सर्व खरें. पण त्या वर्षीं त्यांचा एखादा प्रयोग फसता तर? अपयश त्यांच्या एकटीच्या नांवावर पडलें नसतें. मागून येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या अर्जावर तें लिहिलें गेलें असतें. आम्ही मध्यम प्रतीच्या मुलग्यांच्या उत्तरपत्रिका आयुष्यभर तपासल्या. त्या पाहून मुलग्यांस कॉलेजांत घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणी काढल्याचें स्मरत नाहीं. आम्हींहि काढला नाहीं.

स्त्रीचें अपयश असें सर्वांच्या वांट्यास येतें; यश मात्र बहुधा तिच्या एकटीचें राहतें. तेरेश्कोवेबरोबर आणखी चार स्त्रियांनीं शिक्षण घेतलें होतें. १९६९ सालीं तो गट मोडण्यांत आला. त्या चौघींपैकीं एकीसहि अंतराळांत जावयास मिळालें नाहीं.