मांजराच्या फोटोत कोण दिसतं?

जपानी छायाचित्रकार मासाहिसा फुकासे यांच्या घरी १९७७ मध्ये एक मांजराचं पिल्लू आलं. त्यांनी त्याचं नाव सासुके ठेवलं. थोड्याच दिवसांत ते हरवलं. शोधाशोध सुरू असताना कुणीतरी एक पिल्लू आणून दिलं. ते सासुके नव्हतं. तरी फुकासे यांनी ते ठेवून घेतलं आणि नावही तेच दिलं. मग ते जमिनीवर पालथे पडून, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आणून फोटो काढत राहिले. जांभई देणाऱ्या सासुकेचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे : मिटलेले डोळे, सुळे, आ वासलेलं तोंड.

या फोटोंत मांजर किती आणि फुकासे किती?

हा प्रश्न त्यांच्यासाठी नवा नव्हता. पत्नी योको यांचे त्यांनी वर्षानुवर्षं फोटो काढले होते. त्या फोटोंत आपण नाही, फुकासेच आहेत, असं योको यांनी १९७३ मध्ये लिहिलं. पुढे दोघं वेगळे झाले. मांजरांच्या फोटोंना तर फुकासे यांनीच एका अर्थी आत्मचित्र म्हटलं.

दुसऱ्या जिवात स्वतःला पाहणं हा दोष मानायचा का? नामदेवांची कथा इथे आठवते. कुत्र्यानं भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कुत्र्यात त्यांना विठ्ठल दिसला, हे आपण नेहमी सांगतो. पण कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, हेही त्यांना दिसलं. ऐक्याची जाणीव खरी असेल, तर समोरच्याची अडचण तिच्यातून सुटत नाही.

पाळीव प्राण्याचा चांगला फोटो काढण्याचे साधे नियमही तिथेच नेतात. उभ्यानं वरून फोटो काढला, तर माणसाला रोज दिसणारंच कुत्रं दिसतं. बसलं किंवा आडवं झालं, की त्याचं जग दिसू लागतं. अंधारात मांजराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात आणि दृष्टिपटलामागचा चकाकणारा थर प्रकाश परतवतो. म्हणून फ्लॅश मारला की डोळ्यांऐवजी हिरवे-पिवळे ठिपके उमटतात. त्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा. गॉगल, टोप्या, झगे यांत हौस मालकाची असते. मांजरानं कान मागे पाडले, शेपटी आपटायला सुरुवात केली, तर कॅमेरा खाली ठेवावा. त्याला तिथून निघून जायचं असेल, तर दार उघडं असायला हवं.