व्हायोलिन आलं, मिस्त्री आला नाही

इटलीतल्या क्रेमोना गावात २०१३ साली व्हायोलिनचं संग्रहालय उघडलं. येणारा प्रत्येक जण आधी इथेच व्हायोलिनं घडवणाऱ्या स्ट्रॅडिव्हरीच्या वाद्यांपुढे थबकतो, त्यातही १७१५ सालच्या ‘इल क्रेमोनेझे’पुढे. तीनशे वर्षांचं लाकूड, त्यावरचं तांबूस रोगण, माथ्याचं वळण. थबकणं साहजिक आहे. पण या संग्रहालयाचा खरा ऐवज वाद्यांत नाही, हत्यारांत आहे. लाकडी साचे, कागदी आराखडे, कर्कटक: स्ट्रॅडिव्हरीच्या कार्यशाळेतल्या अशा शेकडो वस्तू तिथे जपल्या आहेत.

त्यांची कहाणी मोठी बोलकी आहे. स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला. पुढच्या काही दशकांत क्रेमोनातली ही कारागिरी जवळपास विझली. काउंट कोझिओ या संग्राहकाने १७७० च्या दशकात स्ट्रॅडिव्हरीच्या वारसांकडून ती हत्यारं विकत घेतली. ती पुढे हातोहात फिरली आणि अखेरीस ज्युझेप्पे फिओरिनी या व्हायोलिन घडवणाऱ्याने मिळवून १९३० मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकली. १९३८ मध्ये तिथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली. आज गावात शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत आणि २०१२ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत या कारागिरीचं नाव आहे. म्हणजे क्रेमोनाची परंपरा सलग चालत आलेली नाही. ती तुटली होती, आणि पुन्हा सांधताना साचे आणि आराखडे हाताशी होते.

तिथली वाद्यंही मुकी ठेवलेली नाहीत, ती ठरावीक दिवशी वाजवली जातात. २०१९ च्या जानेवारीत या जुन्या वाद्यांचे सूर ध्वनिमुद्रित करायचे होते, तेव्हा महापौरांनी गावकऱ्यांना आवाज न करण्याची विनंती केली आणि संग्रहालयाच्या सभागृहाभोवतालचे रस्ते वाहनांना बंद केले. आपल्याकडे वाद्यासाठी रस्ता बंद होतो तो मिरवणुकीत, तेही वाद्याचा आवाज वाढावा म्हणून.

मराठी मुलखात व्हायोलिन परकं राहिलेलं नाही. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कर्नाटक संगीतात आणलं. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती ते दिलं, आणि त्याच वाटेने माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोचले. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्यावर ख्यालगायकी उतरवली. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ तर घरोघरी ऐकलं गेलं. हे वादक नुसते परक्या वाद्यावर आपले राग वाजवत बसले नाहीत. त्यांनी मांडी घातली, वाद्याचं टोक पायावर टेकवलं आणि डावा हात धरण्याच्या कामातून मोकळा केला, म्हणून सुरातून सुरात घसरणारी मींड शक्य झाली. तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावल्या. तारांचा ताण बदलला, तारा पेलणाऱ्या घोडीवरचा भार बदलला.

पण या बदललेल्या वाद्याला मिस्त्री कुठे मिळाला?

तो का मिळाला नाही, याचं उत्तर सुरतेच्या बमरोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत शोधायला हरकत नाही. तिथे आणि शेजारच्या पांडेसऱ्यात, उधन्यात खानदेशातून आलेली मराठी माणसं वर्षानुवर्षं लूम्सच्या खात्यात राबतात. यंत्रमाग काही तापीकाठी जन्मला नाही, व्हायोलिनसारखाच तोही बाहेरून आला. पण माग अडला की दुरुस्त करणारा जवळपास सापडतो. यंत्राभोवती त्याची जाणकारीही वस्तीला आली, कारण माग थांबला तर मजुरी थांबते. व्हायोलिनला असा रोजचा तगादा लावणारं कुणी नव्हतं. त्याचं लाकूड, स्प्रूस आणि मेपल, थंड मुलखातलं. शिवाय जर्मनीतल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकापासून स्वस्त व्हायोलिनांचा पूर आणला होता. जगभर असंख्य घरांत ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ अशी चिठ्ठी आत चिकटवलेली वाद्यं सापडतात, ती बहुतेक याच पुरातली. तयार वाद्य स्वस्तात मिळत असताना कोण कशाला साचा कोरत बसेल? दुरुस्ती करणारे काही जण झाले, नाही असं नाही. पेठ मात्र उभी राहिली नाही.

पेठ म्हणजे काय, ते मिरजेत दिसतं. तिथले फरीदसाहेब मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली तशी या घराण्याने सतार आणि तंबोऱ्याचं काम हाती घेतलं. पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड आणि कानाने जोखत घोडी घासून काढलेली जवारी, म्हणजे तारेचा झंकार: हे ज्ञान आजही तिथे हातातून हातात जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नावाला संरक्षण मिळतं. जवारी काढायला बसणारा विशीतला मुलगा त्यातून मिळेलच असं नाही.

आपली संग्रहालयं अजून वस्तूच्या देखणेपणावर भाळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्यं पाहताना कोरीव काम डोळ्यात भरतं. दिनकररावांनी गोळा केलेल्या त्या पसाऱ्याचं ऋण मोठंच आहे. पण त्या धर्तीवर उद्या व्हायोलिनचं दालन मांडलं, तर दातारांचं व्हायोलिन, शेजारी त्यांचा फोटो आणि खाली पद्मश्रीचं साल एवढ्यावरच ते थांबेल. फोटो आणि साल कुठेही मिळतात. मिळत नाही ते वेगळंच: मांडी घालून वाजवणाऱ्या या वादकांनी तारा किती जाडीच्या घेतल्या, घोडी कितपत उतरवली, आतला छोटा लाकडी खांब, जो वरच्या फळीची कंपनं खालच्या फळीला पोचवतो, तो हलला तर कुणाकडे नेला.

एवढ्यासाठी संगमरवरी इमारत कशाला हवी? मिरजेत, जिथे लाकूड आणि तार कळणारे हात आहेत, तिथेच एक दालन पुरे. त्यात सतारीचे साचे असावेत, एक उघडून ठेवलेलं व्हायोलिन असावं, आणि दुरुस्तीचा एक चालता बाक, ज्यावर बाहेरगावचं बिघडलेलं वाद्यही घेतलं जाईल. व्ही. जी. जोग २००४ मध्ये गेले, दातार २०१८ मध्ये, प्रभाकर जोग २०२१ मध्ये. त्यांच्या शिष्यांकडून तारांची आणि घोडीची मापं उतरवून घ्यायचं काम त्या दालनाची वीट रचायच्या आधीच सुरू करता येईल.